सॉफ्टवेअरमधला आर्किटेक्ट कसं व्हायचं? बेळगावात राहून जमतं का?

मलप्रभाकाठ
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

माझं गाव खानापूर तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात, मग व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची) इंजिनिअरिंगची पदवी. नऊ वर्षं झाली, जावामध्ये काम करतोय. आधी पुण्यात हिंजवडीला होतो, २०२० साली घरी आलो तो इथंच राहिलो. सध्या बेळगावच्या अनगोळात भाड्यानं राहतोय, कारण पावसाळ्यात गावाकडं वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो. आई-बाबा थकलेत, भाताची शेती आहे, मुलगी यंदा पहिलीला गेली. बेंगळूरला जायचं मनात नाही.

कंपनीत दोन वर्षं झाली, 'आर्किटेक्टचं पुढच्या खेपेला बघू' असं ऐकतोय. मागच्या वर्षी एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा दिली, पास झालो. तरी काम तेच. डिझाइन वरून येतं, आम्ही कोड लिहितो. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मागं असलेल्या एकाला ती जागा मिळाली. वाईट वाटलं. पण त्याच्याबरोबर क्लायंटच्या मीटिंगला बसलो तेव्हा एक लक्षात आलं. क्लायंटनं काही मागितलं की तो आधी विचारतो, 'हे कशासाठी हवंय? दिवसातून किती वेळा?' मी मात्र 'होय, करून देतो' म्हणतो आणि कामाला लागतो.

हे विचारणं शिकायचं कसं? सर्टिफिकेट अजून घ्यावीत का? आणि इंग्रजी मीटिंगमध्ये माझी जीभ अडखळते, त्याचं काय करावं? जे या वाटेनं गेलेत त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

शहापूरची
रविवार, रात्री ११:१५

मी बावीस वर्षं या क्षेत्रात आहे, त्यातली अकरा आर्किटेक्ट म्हणून. सध्या बेंगळूरला, माहेर बेळगावचं शहापूर. वडील मागावर बसायचे, म्हणून मला हे काम मागावरूनच समजतं. ताणा, म्हणजे उभे धागे, एकदा मागावर चढला की साडीची रुंदी आणि सुतांची संख्या ठरली. मग बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, रंग बदला, बुट्टी बदला, ते विणता विणता जमतं. ताणा बदलायचा तर सगळं उतरवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्येही असे ताण्यातले निर्णय असतात: माहिती कुठं साठणार, कुठला भाग कुणावर अवलंबून, एक भाग बंद पडला तर बाकीच्यांनी काय करायचं, कुणाला काय दिसायचं. हे निर्णय वेळेत ओळखायचे, त्यांची किंमत सांगायची, आणि चुकले तर निस्तरायला उभं राहायचं, हे आर्किटेक्टचं काम. चौकोन आणि बाण काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

एक उदाहरण देते. क्लायंट म्हणतो, 'सिस्टीम कायम चालू हवी.' तिथं आकडा विचारायचा. वर्षाचे तास ८,७६०. ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद चालेल. ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५२ मिनिटं. कागदावर ९ या एका आकड्याचा फरक, पण खर्चात दुसरं सर्व्हर, दुसरं डेटा सेंटर, रात्री उठणारी माणसं असं सगळं येतं. आता पुढचा हिशेब करा. तुमची सिस्टीम एकामागोमाग तीन सेवांना विचारून उत्तर देत असेल आणि प्रत्येक सेवा ९९.९ टक्के चालू असेल, तर तिन्ही एका वेळी चालू असण्याचं प्रमाण ९९.७ टक्क्यांवर येतं. म्हणजे वर्षाला २६ तास बंद. सेवा वाढवल्या की सिस्टीम आपोआप मजबूत होते असं वाटणाऱ्यांना हा गुणाकार करून दाखवावा.

असाच दुसरा प्रश्न: बिघाड झाला तर किती वेळात परत उभं राहायचं, आणि किती वेळाची माहिती गेली तर चालेल? आमच्या भाषेत आरटीओ आणि आरपीओ. शेवटची पाच मिनिटं गेली तर चालेल का? पगाराच्या सिस्टीममध्ये कदाचित चालेल, पुन्हा भरता येतात. पैशाच्या व्यवहारात एक सेकंदही नाही. हे उत्तर इंजिनिअरकडं नसतं, धंदा करणाऱ्याकडं असतं. म्हणून विचारावंच लागतं.

कायद्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवायला सांगितली, तेव्हा कितीतरी डिझाइनं मुळापासून बदलावी लागली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. 'ही माहिती कुणाची, कशासाठी घेतली, किती दिवस ठेवायची' हे प्रश्न आता पहिल्या मीटिंगचेच आहेत.

त्या मुलाला जागा कशी मिळाली याचं उत्तर तुम्ही पाहिलंयच. राग धरू नका. त्याच्या शेजारी बसून शिका.

कडोलीकर
सोमवार, सकाळी ७:०५

ताई, अगदी खरं बोललात. मी कुठल्या मोठ्या कंपनीत नाही. बेळगावात आम्ही सहा जण मिळून दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करालोय. माझ्या कार्डावर आर्किटेक्ट असं कुठं लिहिलेलं नाही, पण ताण्यातले निर्णय मलाच घ्यावे लागतात. एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण मी तिथं चुकलो होतो.

संस्थेत सकाळी सहाला रांग लागते. सभासदाचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरून दर, चिठ्ठी हातात, पुढचा. एका माणसाला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ नाही. मी पहिली सिस्टीम केली ती थेट सर्व्हरशी बोलणारी. बेळगावात ऑफिसात बसून झकास चालायची. गावात पहिल्याच आठवड्यात नेट गेलं, रांग थांबली, सचिवांनी वही काढली. चूक माझी होती, मी नेट असणार असं धरून चाललो होतो.

मग नोंद आधी तिथल्या संगणकातच होईल आणि नेट आलं की सर्व्हरला जाईल, असं केलं. रांग चालू राहिली. दहा दिवसांनी बिल काढलं तर चार सभासदांच्या खात्यावर एकेका पाळीचं दूध दोनदा! का? नोंद सर्व्हरला पोचली होती, पण 'मिळाली' हे उत्तर परत यायच्या आधी नेट तुटलं. संगणकाला वाटलं गेलीच नाही, त्यानं पुन्हा पाठवली. आता प्रत्येक नोंदीला जिथं ती होते तिथंच एक वेगळा नंबर पडतो, आणि सर्व्हर एक नंबर एकदाच जमा करतो. कितीही वेळा पाठवा, खात्यात एकदाच. पुस्तकात याला आयडेम्पोटन्सी म्हणतात हे मला नंतर कळलं. सचिवांना मी एवढंच सांगितलं: पावती नंबर एक, पैसे एकदाच.

दराचा घोळ तर त्याच्याही पुढचा. दरपत्रक बदललं की नवा दर अमुक तारखेच्या सकाळच्या पाळीपासून लागू होतो. एका गावचा संगणक दोन दिवस नेटवर आलाच नव्हता, तो जुन्याच दरानं चिठ्ठ्या देत राहिला. चिठ्ठी सभासदाच्या हातात, आणि सर्व्हर म्हणतो दर वेगळा. खरं कुणाचं? याचं उत्तर कोडमध्ये सापडत नाही. आम्ही संस्थेच्या पंचमंडळीसमोर बसलो. ठरलं की चिठ्ठीवरचा आकडा मोडायचा नाही, फरक वेगळ्या ओळीत दाखवून बिलात द्यायचा. म्हणून आता प्रत्येक नोंदीबरोबर तो दर कुठल्या पत्रकाचा हेही साठतं. एका बाईनं मला त्या दिवशी विचारलं होतं, 'माझ्या म्हशीच्या दुधाचा हिशेब तुझ्या मशिनीत नीट राहतोय का गा?' डिझाइन करताना ती बाई अजून डोळ्यांपुढं येते.

मलप्रभाकाठ, तू केलेली सिस्टीम चालू झाल्यावर सहा महिने तिच्या मागं राहा. चालू करून दुसऱ्या प्रोजेक्टला पळणाऱ्याला आपला निर्णय चुकला की बरोबर हे कधी कळतच नाही.

निपाणीकर
सोमवार, दुपारी १:२०

नावांचा गोंधळ थोडा सोडवतो, कारण जागा शोधताना त्याचा त्रास होतो. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट एका सिस्टीमच्या आतली रचना बघतो. सोल्युशन्स आर्किटेक्ट ग्राहकाची अडचण ऐकून कुठली उत्पादनं, कुठला नवा कोड, कुठली जुनी सिस्टीम कशी जोडायची हे मांडतो. क्लाउड कंपन्यांत आणि विक्रीच्या बाजूला तो निविदेची उत्तरं, खर्चाचा अंदाज, नमुना करून दाखवणं हेही करतो. मी हे काम करतो, आणि त्यात बोलणं कोडपेक्षा जास्त आहे. एंटरप्राइझ आर्किटेक्ट सबंध संस्थेचा नकाशा सांभाळतो. टोगॅफ ही त्या बाजूची कामाची ठरलेली चौकट, द ओपन ग्रुप या संस्थेची, पहिली आवृत्ती १९९५ ची.

सर्टिफिकेटबद्दल: तुम्ही दिलेल्या परीक्षेत ६५ प्रश्न, १३० मिनिटं, हजारात ७२० ला पास, आणि तीन वर्षांनी मुदत संपते. तिचा उपयोग आहे. मुलाखतीच्या दारापर्यंत नेते, आणि एडब्ल्यूएसच्या सेवांची ओळख शिस्तीत होते. पण तिथं दिलेल्या पर्यायांतलंच उत्तर बरोबर असतं. कामावर चारही पर्याय थोडे थोडे चुकीचे असतात आणि त्यातला कुठला सोसवेल हे ठरवायचं असतं. एक झालंय ना, पुरे. पुढचे पैसे आणि वेळ स्वतः काहीतरी बांधून चालवण्यात घाला.

तिसरं_वर्ष_उद्यमबाग
सोमवार, संध्याकाळी ६:०२

मी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पदवीनंतर थेट आर्किटेक्ट होता येतं का?

शहापूरची
सोमवार, रात्री ८:३०

नाही बाळ. क्लाउड कंपन्या नव्या मुलांना 'असोसिएट' लावून तशा नावाच्या जागेवर घेतात, मिळाली तर जरूर घे. पण निर्णय घेण्याची ताकद निर्णयांचे परिणाम पाहून येते. आत्ता डेटाबेस, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे तीन विषय परीक्षेपुरते न करता मनापासून कर. बाकी सगळं बदलतं, हे तीन तुला वीस वर्षं पुरतील. ट्रान्झॅक्शन म्हणजे काय, इंडेक्स का मंदावतो, वायरमध्ये पॅकेट हरवलं तर काय होतं, हे हातानं करून बघ.

मलप्रभाकाठ
बुधवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. कडोलीकर दादा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. आमच्याही घरी दोन म्हशी आहेत.

योगायोगानं एक काम समोर आलंय. उद्यमबागेत एका ओळखीच्यांची फौंड्री आहे, कास्टिंगची. माल बाहेर पडताना वजनकाट्यावरचं वजन, चलन, कुठल्या हीटमधला (भट्टीच्या एका ओतीतला) माल आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर यांचा मेळ बसत नाही. गिऱ्हाइकाकडून एखादा नग परत आला तर तो कुठल्या हीटचा हे शोधायला दिवस जातो. कंपनीची परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी मी हे करून देतोय.

काल डिझाइन केलं: ऑर्डर, चलन, वजन, हीट, गिऱ्हाईक, बिल, लॉगिन अशा सात मायक्रोसर्व्हिसेस (वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम), मध्ये त्यांचे निरोप पोचवायला काफ्का, आणि हे सगळं चालतं ठेवायला कुबरनेटीस. जरा तपासून सांगाल का?

कडोलीकर
बुधवार, रात्री १०:३२

दिवसाला चलनं किती होतात गा?

मलप्रभाकाठ
बुधवार, रात्री १०:३५

साठ-सत्तर. गर्दीच्या दिवशी शंभर.

कडोलीकर
बुधवार, रात्री १०:५०

मग हे सात तुकडे कुणासाठी? शंभर चलनं म्हणजे आठ तासांत दर पाच मिनिटांना एक. एक प्रोग्रॅम, एक पोस्टग्रेस डेटाबेस, रोज रात्री बॅकअप, आणि तो बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचा. एवढं पुरे. उद्या तुला ताप आला तर कुबरनेटीस कोण बघणार? त्यांच्याकडं अकाउंट बघणारे एकटेच असतील.

शहापूरची
बुधवार, रात्री ११:२०

कडोलीकरांचं बरोबर आहे, आणि कारणही समजून घ्या. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहिलं होतं, की संस्था जी सिस्टीम बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या बोलाचालीच्या रचनेसारखीच होते. मायक्रोसर्व्हिसेस मोठ्या कंपन्यांत शोभतात, कारण तिथं शंभर टीम एकमेकींची वाट न बघता काम करू पाहतात. तुमची टीम एका माणसाची. चलन आणि वजन एकाच डेटाबेसात असतील तर दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये जमा होतात, नाहीतर दोन्ही होत नाहीत. तेच दोन सेवांत तोडलं की एक झालं आणि एक राहिलं ही भानगड स्वतःहून ओढवून घेतली. तेवढ्यासाठी मग काफ्का, मग त्याची देखभाल.

आतमध्ये मात्र कप्पे नीट पाडा. वजनाचा कोड बिलाच्या टेबलात हात घालणार नाही एवढं पाळलंत, तर उद्या धंदा वाढल्यावर एखादा कप्पा बाहेर काढता येईल.

आता एक काम करा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये निर्णयाची छोटी नोंद लिहायची पद्धत मांडली, एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात तिला. परिस्थिती काय, निर्णय काय, परिणाम काय. एक-दोन पानांच्या वर नाही. बऱ्याच टीम त्यात कुठले पर्याय होते हेही लिहितात, तुम्हीही लिहा. मराठीत लिहा. इथं टाका.

हुबळीची_टेस्टर
गुरुवार, सकाळी ९:४५

भाषेच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी मूळची येळ्ळूरची, हुबळीत काम करते. माझंही शिक्षण मराठीत झालं, पहिली तीन वर्षं मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. मग एका प्रोजेक्टमध्ये गोदामात जाऊन माहिती घ्यायची होती. तिथले सुपरवायझर कन्नड, हमाल कन्नड-मराठी मिसळून बोलणारे, मॅनेजर हिंदी, क्लायंट इंग्रजी. चौघांशीही बोलू शकणारी टीममध्ये मी एकटीच होते. बेंगळूरहून आलेल्या आर्किटेक्टनी तीन आठवड्यांत जे काढलं नव्हतं, ते दोन दिवसांत निघालं: माल उतरल्यावर नोंद संध्याकाळी एकदम केली जाते, म्हणून दिवसभर स्टॉक खोटा दिसतो. कुणी लपवलं नव्हतं. त्यांच्या भाषेत कुणी विचारलंच नव्हतं.

आपण सीमेवर वाढलो, बाजारात जाताना घरातली भाषा सोडून दुसरीत शिरायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. या कामात निम्मं तेच लागतं. इंग्रजीसाठी मी एवढंच केलं: मीटिंगच्या आधी तीन प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून न्यायचे आणि ते वाचून विचारायचे. वर्षभरात वाचायची गरज उरली नाही.

निपाणीकर
गुरुवार, दुपारी २:१०

बेळगावात राहून जमतं का, यावर माझा अनुभव: जमतं, पण प्रोजेक्टचे पहिले दोन आठवडे ग्राहकाच्या खोलीत बसावं लागतं. रात्रीच्या गाडीनं जा, राहा. कुणाच्या चेहऱ्यावर नाराजी आहे हे स्क्रीनवर दिसत नाही. नंतरचं घरून होतं. मुलगी लहान आहे म्हणताय, तर मॅनेजरशी हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.

मलप्रभाकाठ
रविवार, रात्री ९:१५

काल दिवसभर फौंड्रीत होतो. लॅपटॉप उघडलाच नाही. काट्यावरच्या मामांशेजारी बसलो, चहा घेतला, विचारत राहिलो. तीन गोष्टी कळल्या ज्या मला ऑफिसात कुणी सांगितल्या नव्हत्या. वीज गेली की काटा बॅटरीवर चालतो, पण ऑफिसचा संगणक बंद पडतो, म्हणून वजन पाटीवर खडूनं लिहितात. हीट नंबर कास्टिंगवर उमटलेला असतो, पण ग्राइंडिंगमध्ये कधी कधी घासला जातो. आणि एका गाडीत दोन गिऱ्हाइकांचा माल गेला तर चलन दोन, वजन एकच!

ताई, नोंद लिहिली आहे:

निर्णय १. माल बाहेर पडण्याची नोंद कुठं करायची.
परिस्थिती: दिवसाला जास्तीत जास्त शंभर चलनं. वीज जाते. काट्यावर एक माणूस, त्याला कन्नड आणि मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही.
पर्याय: क्लाउडवर सगळं, किंवा ऑफिसच्या संगणकावर सगळं, किंवा काट्याजवळ टॅबलेट, नोंद आधी त्यात, मग ऑफिसच्या संगणकावर, आणि रात्री बॅकअप क्लाउडवर.
निर्णय: तिसरा. एक प्रोग्रॅम, एक डेटाबेस. नोंदीचा नंबर टॅबलेटवरच पडणार. स्क्रीन मराठी आणि कन्नड. एका वजनाला अनेक चलनं जोडता येणार.
परिणाम: वीज गेली तरी गाडी थांबणार नाही. पण टॅबलेट हरवला किंवा फुटला, तर ऑफिसला न पोचलेल्या नोंदी जातील. तोवर छापील चलनाची दुसरी प्रत काट्यावर ठेवायची. हे मालकांना सांगितलंय, त्यांना मान्य आहे.
न सुटलेलं: घासला गेलेला हीट नंबर.

कडोलीकर
रविवार, रात्री ९:५०

चांगलं लिहिलंयस. हीट नंबर ग्राइंडिंगच्या आधीच नोंदवता येतो का बघ. खोकं भरताना कार्ड लावतात का तिथं?

मलप्रभाकाठ
रविवार, रात्री ९:५८

कार्ड लावतात, पण सगळ्या खोक्यांना नाही. का नाही, ते विचारलं नाही. शनिवारी पुन्हा जातोय, ग्राइंडिंगच्या पाळीला.